पाचव्या ओळीतलं नाव

तुमच्या कॉलेजातला व्हरांडा रोज सकाळी कोण झाडत होतं, हे तुम्हाला सांगता येईल का? प्राचार्यांचं नाव आठवत असेल, स्नेहसंमेलनात गाणं म्हणणारी मुलगी आठवत असेल, कँटीनवाल्याचं आडनावसुद्धा आठवत असेल. झाडू धरणाऱ्या हाताचं नाव? मला ते आठवतं, कारण मी ते छापलं होतं. गावासकट, जमातीसकट छापलं, आणि माझ्या बापाच्या प्रेसमधून गठ्ठे बांधून जिल्हाभर पाठवलं. त्या दिवसांत मला वाटत होतं, आजवर कोणी केलं नाही असं धाडस मी केलं. आता तिशी ओलांडली आहे. आत्मकथन लिहिण्याचं हे वय नव्हे, असं आई म्हणते. तिचं बरोबर असेल, पण लाज म्हातारपणापर्यंत जपून ठेवली की ती गोड आठवण होऊन जाते, असं मी पाहिलं आहे. मला ते होऊ द्यायचं नाही.

आमचं घर अर्जुनी मोरगावात, रेल्वे फाटकाच्या अलीकडे. पुढच्या खोलीत प्रेस, मागच्या खोलीत आम्ही. प्रेस म्हणजे एक जुनी छपाई मशीन आणि नंतर घेतलेला एक कॉम्प्युटर. पोट भरत होतं लग्नपत्रिकांवर, आणि बाबांचा जीव अडकलेला होता पत्रकांत. राशनच्या दुकानात गोंडांच्या बायांना वेगळं का उभं करता, एसटी वस्तीजवळ का थांबत नाही, तलाठी पंधरा दिवसांतून एकदाच का दिसतो, असल्या सगळ्या गोष्टींवर बाबा पत्रक काढत. कागद स्वतःचा, शाई स्वतःची. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. शाळेचा अभ्यास केला तो उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. माझ्या गणिताच्या वहीत पान उलटलं की मागे ‘जागे व्हा’ लिहिलेलं असायचं. गुरुजी हसत.

पत्रकं निघाली की दुपारी जेवणं आटोपून सगळं घर घड्या घालायला बसायचं. आई त्या दिवशी लाखोळीच्या डाळीचे वडे करायची, आणि ते खाल्ल्यावर हात साबणानं दोनदा धुतल्याशिवाय कोणी कागदाला शिवायचं नाही, हा तिचा कायदा. ती स्टीलच्या वाटीच्या काठानं घडी दाबायची. सर्र, सर्र असा आवाज यायचा, मधे गाडीची शिट्टी, की पुन्हा सर्र. भिंतीवर चिकटवायच्या प्रतींसाठी चुलीवर भाताची खळ रटरटत असे. बाबा गठ्ठे सुतळीनं बांधत आणि त्यावर गावांची नावं घालत. मग ते एसटीच्या कंडक्टरांच्या हाती जात, ज्या गावी बाजार असेल त्या गावी, बाजाराच्या आदल्या दिवशी. बाजारात एक जण वाचतो आणि वीस जण ऐकतात, हे बाबांचं तंत्र. आणि त्यांचा एक नियम होता, तो मी पाढ्यांसारखा पाठ केला होता: नाव, गाव, दिवस. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं नाव, त्याचं गाव आणि कधी झाला तो दिवस. “बिननावाचा पत्रक म्हणजे भिंतीमागून मारलेला गोटा,” ते म्हणत. “साहेब म्हणते, असा कोणी नाहीच. आपण नाव टाकला, का मंग साहेबाले तोंड नाही राहत.”

अशा घरातून मी गोंदियाला कॉलेजात गेले. गोंदिया म्हणजे निम्मं हिंदी. रिक्षावाला हिंदीत, ऑफिसातला बाबू हिंदीत, हॉस्टेलची मावशी दोन्हींत. हॉस्टेलच्या खोलीत माझ्या शेजारच्या पलंगावर जी मुलगी आली, तिला इथं मी सुनंदा म्हणणार आहे. हे तिचं नाव नाही. हे नाव कुठून आलं ते पुढे सांगते. तिचं गाव चिचगडच्या पुढे, बस जिथून परत फिरते त्याच्याही पुढे पायी. घरची भाषा गोंडी. तिच्या गावातून कॉलेजात आलेली ती पहिली मुलगी. तिच्या पत्र्याच्या पेटीत कपड्यांखाली वाळलेल्या मोहफुलांची पिशवी असायची. ती तव्यावर तीळ टाकून ती फुलं भाजायची तेव्हा अख्ख्या मजल्यावर वास जायचा, आणि नाक मुरडणाऱ्या मुलीच पहिल्यांदा हात पुढे करायच्या. “घ्या वं, घ्या. वासाले नावं ठेवता अन् गिळता,” ती म्हणायची. मला ती प्रेसवाली म्हणायची. मी काही तावातावानं बोलायला लागले की उशीवर हात आपटून मशीनचा आवाज काढायची: खटक, खटक, खटक.

तिला तलाठी व्हायचं होतं. ही काही गंमत नव्हती. तिच्या बापाचा जमिनीचा दावा कितीतरी वर्षं ऑफिसात पडून होता. बाप दर खेपेला जायचा, तलाठ्याचं मराठी त्याला अर्धं कळायचं, त्याची गोंडी तलाठ्याला मुळीच कळायची नाही, आणि तो ‘बरं’ म्हणून परत यायचा. “एक दिवस मी त्या खुर्चीवर बसून राहीन,” सुनंदा सांगायची, “बाबा येईल, अन् मी गोंडीत विचारीन, का काम आहे? तो पहिले पाहीलच, बोलणारच नाही.” त्यासाठी पदवी हवी. पदवीसाठी हॉस्टेल हवं, आणि हॉस्टेलात राहायचं तर वरचा खर्च भागवायला कॉलेजची ‘कमवा आणि शिका’ योजना हवी. एवढी सरळ गोष्ट होती ती. तीन वर्षांची.

योजनेत मीही होते. मला काम मिळालं ग्रंथालयात. खुर्ची, पंखा, पुस्तकांवर शिक्के मारायचे. सुनंदालाही काम मिळालं. ती पाचला उठून जायची आणि आठच्या आत आंघोळ करून तेल लावून खोलीत असायची. मी साडेनऊला जायचे. तिचं काम काय, हे मी पहिले दोन महिने विचारलं नाही. समतेवर निबंध लिहून बक्षीस आणलेली मुलगी मी, कॉलेजच्या समान संधी केंद्राची विद्यार्थी प्रतिनिधी. मी विचारलं नाही.

एकदा दुपारी ती ग्रंथालयात आली. “ऊठ वं प्रेसवाली, मले बसू दे जरा,” म्हणून माझ्या खुर्चीवर बसली. शिक्का हातात घेतला, ओढणी नीट केली. “आता काढ फोटो. चांगला काढजो, दात नको दिसू देऊ.” मी माझ्या फोनवर फोटो काढला आणि तिनं सांगितलेल्या नंबरवर, तिच्या चुलतभावाला पाठवला. मला ती मस्करी वाटली. त्या फोटोत काय आहे हे मला तेव्हा दिसलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. सगळं माझ्या हातातल्या फोनमध्ये होतं.

मग पुस्तकांची मोजदाद निघाली आणि मला सकाळी सहाला बोलावलं. मी फाटकातून आत शिरले तर सुनंदा कमरेला ओढणी खोचून व्हरांडा झाडत होती, आणि तिच्या डोक्यावर भिंतीला आमच्या केंद्राची निळी पाटी होती. शेजारी आणखी एक मुलगी बादली घेऊन संडासाकडे चालली होती. मी यादी मागितली. ग्रंथालय, ऑफिस, प्रयोगशाळा यांत कोण आणि झाडूवर कोण, हे दोन रकाने मी शेजारी शेजारी लिहिले. झाडूच्या यादीत पाच जणी होत्या, सगळ्या आदिवासी नाहीतर दलित. खुर्चीच्या यादीत त्या समाजांतली एकही नव्हती. मी ऑफिसातल्या बडे बाबूंकडे गेले; कामं तेच वाटायचे. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, मला बेटा म्हणायचे, डब्यातली चिवड्याची मूठ द्यायचे. ते म्हणाले, “देखो बेटा, जिसका अक्षर अच्छा, वो लायब्ररी. और इन लडकियों को काम की आदत है. शिकायत नहीं करतीं.”

“अक्षर कधी पाहिलं तुम्ही त्यांचं?”

“अरे, आडनाव से समझ में आ जाता है ना,” ते हसत म्हणाले, आणि चहा मागवला.

तो चहा मी घेतला नाही. त्याच शनिवारी गाडीत बसून घरी आले आणि पत्रक लिहिलं: ‘समान संधीच्या पाटीखाली झाडू कोणाच्या हाती?’ बडे बाबूंचं वाक्य जसंच्या तसं टाकलं. दोन्ही याद्या टाकल्या. खुर्चीच्या यादीत पहिलं नाव माझं स्वतःचं. ते टाकताना मला फार मोठं वाटलं. आता कळतं, माझं नाव छापून माझं जाणार काय होतं? झाडूच्या यादीत पाचव्या ओळीवर सुनंदाचं खरं नाव, खरं गाव, जमात, आणि पुढे: व्हरांडा व संडास सफाई. नाव, गाव, दिवस. बाबांनी चष्मा वर करून वाचलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. आमच्या घरात याहून मोठं बक्षीस नव्हतं.

घड्या घालताना आईनं एकदाच विचारलं, “ह्या पोरींले माहीत आहे का बाई?”

“त्यांच्याचसाठी तर आहे, आई.”

ते उत्तर नव्हतं, आईनंही ते ओळखलं, पण वाटीचा आवाज चालू राहिला. खरं काय ते इथं लिहिते. सुनंदाला विचारलं तर ती नको म्हणेल, हे मला आत कुठंतरी ठाऊक होतं. म्हणूनच विचारलं नाही. मी मनाशी त्याला तिची भीती म्हटलं, आणि तिच्या वतीनं निर्भय झाले. दुसऱ्याच्या वतीनं निर्भय होणं फार सोपं असतं. ज्यांनी आयुष्यभर पत्रकं काढली त्यांनी हे वाक्य माझ्यावर चिडून का होईना, वाचावं.

पत्रक गाजलं. सोमवारी कॉलेजच्या नोटीस बोर्डावर, मंगळवारी स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपऱ्यांवर. प्राचार्यांनी बैठक बोलावली. आठवड्यात नवी यादी लागली. सगळ्यांना सगळी कामं, पाळीपाळीनं, मला झाडू आणि सुनंदाला ग्रंथालय. मी जिंकले होते. सुनंदा त्या आठवड्यात माझ्याशी फारसं बोलली नाही. मी समजले, ती भारावली आहे. एकदा फक्त म्हणाली, “तुमच्या बाबाचे कागद चिचगडच्या बाजारातही जातात का वं?”

“हो तर! पहिला गठ्ठा तिकडेच,” मी अभिमानानं म्हणाले.

ती भिंतीकडे तोंड करून झोपली. भर दुपारी.

तिसऱ्या दिवशी तिचे वडील आले. हॉस्टेलच्या फाटकाशी, कडुनिंबाखाली उभे. उंच माणूस, पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा. सुनंदा पेटी घेऊन खाली उतरली होती. मी धावत गेले, “जय सेवा, काका” असा गोंडी नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं.

“तो फोटो काढणारी पोरगी तूच ना बाई?”

“हो काका.”

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. घडी आमच्या घरची, वाटीनं दाबलेली. “हा कागद तुनं लिवला?”

आणि मी, ह्या घटकेची लाज मला सगळ्यांत जास्त वाटते, मी हसून म्हणाले, “हो काका, मीच लिहिला.” मला वाटलं, ते आता हात जोडतील.

“मले वाचता येत नाही,” ते म्हणाले. “माझ्या पोरीचा नाव कोणता आहे, बोट ठेव.”

मी पाचव्या ओळीवर बोट ठेवलं. माझं बोट बाजूला होताच त्यांनी आपला अंगठा जिभेला लावला आणि त्या नावावर घासायला सुरुवात केली. सावकाश, एकाच जागी. शाई पसरली, कागदाचे मऊ लोळे निघाले, ते पुन्हा अंगठा ओला करत आणि घासत. शेवटी तिथं भोक पडलं. त्या भोकातून त्यांनी एकदा पाहिलं, कागदाची नीट घडी केली आणि माझ्या हातात दिला.

मग ते बोलले, मराठीत, शब्द जुळवत. पोरगी ग्रंथालयात पुस्तकावर शिक्का मारते, म्हणून तो फोटो त्यांनी बाजारात सगळ्यांना दाखवला होता. तिच्या चुलतभावाचा फोन मागून मागून. जातपंचांना, किराणावाल्याला, ज्या ऑफिसात ते वर्षानुवर्षं उभे राहिले तिथल्या शिपायालासुद्धा. आणि बाजाराच्याच दिवशी टपरीवर एकानं आमचं पत्रक मोठ्यानं वाचलं. गावाचं नाव आलं म्हणून ते जवळ गेले. पोरीचं नाव आलं म्हणून त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. “तो शिपाई हासला,” ते म्हणाले. “म्हणते, का गा, तुझी पोरगी पुस्तकं झाडते का संडास? आमच्या घरी पाहुणा आला तर त्याले त्याचा ताटही उचलू देत नाही आमी. अन् पोरीले मी दुसऱ्याचा संडास धुवाले पाठवलो? ती खोटी बोलली मले. पण लोकायले तर तू सांगितलीस.”

मी काहीतरी बोलले. पाळी बदलली, आता ती ग्रंथालयातच आहे, परीक्षा महिन्यावर आली आहे. ते ऐकत होते, पण त्यांनी पेटी उचलली होती. मी सुनंदाकडे वळले. ती रडत नव्हती.

“मी धुवून राहिली होती ना वं,” ती म्हणाली. “मले माहीत होता काऊन धुवून राहिली. तीनच वर्षं होती. तू मले विचारली काऊन नाहीस?” मग बापामागे दोन पावलं जाऊन ती थांबली. “मोहफुलं खिडकीत आहेत. भाजून खाजो. तीळ टाक.”

ती परीक्षेला बसली नाही. नंतरही नाही. मी तीनदा गावी गेले. पहिल्या खेपेला घरात कोणी नव्हतं, किंवा नव्हतं असं मला सांगितलं गेलं. त्याच वर्षी कॉलेजनं माझा सत्कार केला, शाल दिली, आणि मी ती घेतली. हेही लिहून ठेवते.

घरी सांगितलं तेव्हा बाबा मशीनचं चाक पुसत होते. ते म्हणाले, “पण पत्रकातला एक तरी शब्द खोटा होता का?” आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, हाताला पीठ तसंच. “लग्नपत्रिका छापाच्या पहिले तुम्ही दोन्ही घरच्यायले बसवून नावं वाचून दाखवता. मामाचं नाव राहिलं तर पुन्हा जुळवता. मंग ह्या पोरींले कायले नाही दाखवलं वाचून? त्यायच्या नावाले मानपान नव्हता का?” बाबांच्या प्रेसमध्ये इतकी वर्षं हजारो लग्नपत्रिका छापण्याआधी अशा वाचल्या गेल्या. पत्रक एकही असं वाचलं गेलं नव्हतं. आम्हाला तो आमचा प्रामाणिकपणा वाटत होता. त्यानंतर प्रेसमधून निघालेलं प्रत्येक पत्रक, ज्यांची नावं त्यात होती त्यांच्या दारात जाऊन बाबांनी आधी वाचून दाखवलं. त्यामुळे पत्रकं कमी निघाली. काही निघालीच नाहीत.

सुनंदा आज आरोग्य खात्याची आशा ताई आहे. तिच्या भागातल्या बाया दवाखान्यात तिला सोबत नेतात, कारण तिथं गोंडी समजणारं कोणी नाही. डॉक्टरच्या टेबलाजवळ उभं राहून ती एकीचं दुखणं मराठीत सांगते आणि गोळीची वेळ गोंडीत. उभं राहूनच. बसायला खुर्ची नसते, आणि तिच्या भागातला तलाठी आजही गोंडी न येणाराच आहे. तिच्या वडिलांचा दावा ते जिवंत असेपर्यंत निकाली निघाला नाही. मी यातल्या कशाचीही भरपाई करू शकलेली नाही, आणि ती ते माझ्यावर सोपवतही नाही.

हे प्रकरण मी तिसऱ्या खेपेला तिच्या अंगणात बसून तिला वाचून दाखवलं, पूर्ण. ती तांदूळ निवडत ऐकत होती. दोन जागा तिनं काढायला लावल्या, त्या काढल्या. नाव बदलायचं म्हणाले तर ती हसायला लागली. “सुनंदा ठेव. शाळेत एक सुनंदा बाई होती. मी गोंडीत बोलली का हातावर छडी मारे. आता तिच्या हाती देऊ दे झाडू.” वडिलांच्या अंगठ्याचा प्रसंग आला तेव्हा तिचे हात थांबले. वाटलं, हाही काढायला सांगेल. “राहू दे,” ती म्हणाली. “तो खरा आहे.”

म्हणून आता तुमच्याकडे एक मागणं आहे. त्या पत्रकाचा फोटो अजून फिरतो. दर वर्षी समतेचा काही दिवस आला की कोणीतरी तो कौतुकानं पाठवतो. पिवळा कागद, वर जाड काळ्या अक्षरांत मथळा: ‘समान संधीच्या पाटीखाली झाडू कोणाच्या हाती?’ त्यातल्या आरोपाखाली आजही माझी सही आहे. झाडूच्या यादीतल्या पहिल्या चार जणींना मी नंतर एकेक करून भेटले, त्या राहू दे म्हणाल्या, त्यांच्या घरी माहीत होतं. पाचव्या ओळीची परवानगी मला कधीच मिळालेली नाही. तो फोटो तुमच्या फोनवर आला तर पुढे पाठवू नका. काढून टाका, आणि ज्यानं पाठवला त्यालाही काढायला सांगा. आणि एखाद्या फाइलीत, एखाद्या पुस्तकाच्या पानांत कागदाची प्रत सापडली, तर पाचवी ओळ शोधा. वाचू नका. अंगठा ओला करा आणि नाव जाईपर्यंत घासा. कागदाला भोक पडलं तरी पडू द्या.